कमरेचा दोर

लोक मला बर्फाचं विचारतात. थंडी किती होती, अस्वल दिसलं का, नाक गळून पडलं नाही ना. नाक जागेवर आहे, बघा. उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडचे ते आठ दिवस आम्ही तिघी मैत्रिणींनी चालून काढले आणि त्या मोहिमेला मिळालेल्या देणग्यांतून आलेली दवाखान्याची गाडी आज आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरवाड्यांवर जाते. पण खरं सांगू? बर्फ सोपा होता. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. आमच्या गावचा पार ओलांडताना माझी जास्त दमछाक झाली.

आम्ही तिघी चाळिशीतल्या. मी नर्स, बोरी बुद्रुककडच्या एका गावची. दुसरी पेठची, नवऱ्याबरोबर बटाट्याचा व्यापार करणारी, तोंडाने फटकळ. तिसरी डोंगराकडची, शिक्षिका. तिच्या भावजयीला कळा सुरू झाल्या तेव्हा चार माणसांनी तिला झोळीत घालून खाली आणलं, आणि मूल वाटेतच गेलं. गाडी हवी होती ती त्यासाठी. पुण्यातल्या एका संस्थेने मोहीम काढली, एका कंपनीने प्रवासाचा खर्च उचलला. "एवढा खर्च करण्यापेक्षा थेट गाडीच का नाही घेत?" असं शहाण्यांनी मला शंभरदा ऐकवलं. अहो, थेट गाडी मागत आम्ही दोन वर्षं हिंडलो. चहा सगळ्यांनी पाजला. तीन खेड्यातल्या बायका बर्फात चालणार म्हटल्यावर मात्र पाकिटं उघडली. यात लाज वाटायची तर देणाऱ्यांना वाटावी, मला नाही वाटत.

तयारीला पेठवालीने ओळखीचं बटाट्याचं कोल्ड स्टोरेज मिळवलं. थंडीची सवय व्हावी म्हणून आम्ही स्वेटर घालून गोण्यांच्या थप्प्यांमधून तास तास फेऱ्या मारायचो. तिथे असते तीन-चार डिग्री आणि आम्हाला जायचं होतं उणे वीसमध्ये. सवय कसली, अंगाला बटाट्याचा वास तेवढा लागला.

ओढण्याचं काम मात्र खरं होतं. बर्फावर सामान घसरगाडीवर लादायचं आणि कमरेला पट्टा बांधून ती ओढत चालायचं. याचा सराव टायर ओढून करतात. आम्ही ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचे जुने टायर मिळवले, दोर बांधले आणि रोज सकाळी आपापल्या गावी ओढायला सुरुवात केली; मी कालव्याच्या कडेने. एकदा तिथे चिखल होता, म्हणून मी एकटीच टायर घेऊन गावातल्या डांबरी रस्त्याने निघाले. माझ्या मनात काहीसुद्धा आलं नाही. पारावर बसलेल्यांतला एक जण हसत म्हणाला, "काय बाई, आज्याचं काम पुन्हा धरलं का?"

मला अर्थ लागायला जरा वेळ लागला. माझ्या वडिलांना, दादांना, मी घरी पोचायच्या आत बातमी लागली होती.

छप्पन्नच्या आधी गावात ढोर मेलं की त्याला दोर लावून गावाबाहेर ओढत न्यायचं काम आमच्या वस्तीचं होतं. धर्म बदलला तेव्हा माझ्या आजोबांनी ते सोडलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही; बोलावणं आलं तेव्हा फक्त म्हणाले, आता न्हाई. गावाने मजुरी बंद केली. दादा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते.

"त्या दोरापायी आमी उपाशी झोपलो," दादा मला म्हणाले. "आन तू त्योच कमरंला बांधून गावातनं फिरतीस?"

"दादा, हा माझा दोर आहे. मला कुणी सांगितलेलं काम नाही हे."

"बगणाऱ्याला काय फरक दिसतो?"

मी कमरेचा पट्टा सोडायला लागले.

"वढायचं तर कालव्याला वढ," ते म्हणाले. "गावात नगं."

त्यानंतर त्यांनी बोलणंच टाकलं. जेवायचे, पेपर वाचायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. नर्सिंगला जाताना माझी पेटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन स्टँडपर्यंत आलेला हा माणूस. मला रडू यायचं आणि रडता रडता रागही यायचा. मोहीम गेली खड्ड्यात, असंही मनात येऊन गेलं. मग चार दिवस त्यांचं ऐकलं, कालव्याला गुपचूप टायर ओढला. कुणी येताना दिसलं की मी दोर सोडून बाजूला उभी राहायची. चौथ्या दिवशी स्वतःचीच शरम वाटली. असं लपून ओढत राहिले तर तो दोर खरंच आजोबांचा होणार होता.

मैत्रिणींना सांगितलं, रविवारी सकाळी दहाला, पारासमोरून.

"येते की!" पेठवाली म्हणाली. "मी बी वढते, मग माजा आजा काय काम करायचा, ते बी सांग म्हनावं त्याला."

डोंगरवालीने एवढंच विचारलं, "दादांना सांगितलंस?"

सांगितलं. दादांनी पेपरातून मान वर केली नाही.

रविवारी आम्ही आमच्या दारात पट्टे आवळत होतो. दादा बाहेर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी. तिन्ही टायरांभोवती एक चक्कर मारली आणि त्यातल्या मोठ्याला काठी लावून म्हणाले, "तिघींचं दोर ह्या येकाला बांधा." बांधले. मग गुडघ्यांवर हात टेकत हळूहळू ते त्या टायरवर बसले.

माझं सगळं अवसान गेलं. "दादा, उतरा, लोक काय म्हणतील?" हे मीच म्हणाले.

"चल म्हंतो ना."

पन्नास किलोसुद्धा नसतील ते, पण डांबरावर तिघींचा घाम निघाला. टायर घासत होता, कुत्री भुंकत होती, दारादारांत बायका उभ्या राहिल्या. पारासमोर आल्यावर दादांनी काठी आपटली. आम्ही थांबलो. तो टोमणा मारणारा माणूस पारावर बसलाच होता.

"बग रं नीट," दादा म्हणाले. "मेलेलं न्हाई. जित्तं वढत्यात."

दादांनी शर्टाची बाही सारखी केली आणि किती दिवसांनी सरळ माझ्याकडे बघितलं.

"वढ," ते म्हणाले.