एकीचाच नंबर लागला

घोटीच्या पलीकडच्या आमच्या गावात बारावी सायन्सला आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी शेजारची मैत्रीण. दोघींच्याही घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. दर रविवारी आम्ही काळी-पिवळी जीप पकडून नाशिकला जायचो. तिथं एक निवृत्त शिक्षिका आमच्यासारख्या मुलींना घरी बोलावून नीट परीक्षेचा अभ्यास करून घ्यायच्या. दाखले कधी काढायचे, प्रवेशाच्या कुठल्या फेरीत कुठलं कॉलेज यादीत वर टाकायचं, हेही त्याच समजावायच्या. आमच्या त्या मॅडम.

मैत्रिणीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यांची गाय विताना गेली, डॉक्टर वेळेवर पोचला नाही, तेव्हापासून तिचं ठरलेलं. तिच्या नादानं मीही तेच म्हणायला लागले. दोघी एकाच खोलीत राहू, असं आम्ही घरीसुद्धा सांगून टाकलं होतं.

तिचा नंबर शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला लागला. माझा कुठल्याच फेरीत लागला नाही.

तिचे वडील पेढे घेऊन आमच्या ओट्यावर आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, तू असतीस तर डोळे झाकून धाडली असती. एकटीला एवढ्या लांब नाय जमायचं."

पेढा माझ्या हातातच राहिला.

कळल्याबरोबर मॅडम एसटीनं गावात आल्या. "मी स्वतः तिला सोडून येते," त्या म्हणाल्या. "मुलींचं हॉस्टेल आहे, काळजी करू नका."

"मॅडम, तुमचे उपकार लय हायेत. पण पोर आजारी पडली, तर तिथं आमचं कोण हाय?"

आतल्या दारातून मैत्रीण म्हणाली, "आबा, मी राहीन एकटी."

ते चिडले नाहीत. उलट समजुतीनं म्हणाले, "यंदा राहू दे. पुढल्या साली दोघी संगं जा."

पुढच्या वर्षी मी पुन्हा परीक्षेला बसले. गुण आणखी कमी पडले. तोवर तिनं नाशिकलाच बीएस्सीला नाव घातलं होतं. मग मीही तिथंच गेले. माझं केमिस्ट्री तिनंच पक्कं करून घेतलं. एकदा तरी ती माझ्यावर चिडावी, असं मला फार वाटायचं. ती कधीच चिडली नाही.

आता ती सिन्नरला सासरी असते. मी एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे.

गेल्या वर्षी मॅडमचा फोन आला. वणीकडच्या एका मुलीचा शिरवळला नंबर लागला होता आणि वडील पाठवत नव्हते. आम्ही दोघी त्या मुलीच्या घरी गेलो. बोलली तीच.

"काका, पाठवा तिला. तिथं मैत्रिणी होतात, माणसं जोडली जातात."

"तुम्ही तिथंच शिकल्या का, ताई?"

"नाही," ती म्हणाली. "माझा नंबर लागला होता. मला पाठवलं नाही."

त्यांनी मुलीला जवळ बोलावलं. म्हणाले, "बॅग कधी भरायची?"

त्या मुलीनं पुढे मला कॉलेजचे फोटो पाठवले. गोठे, मोठी झाडं, पांढऱ्या कोटातल्या मुली. मी ते मैत्रिणीला पाठवले. तिनं पाहिल्याच्या निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर काही आलं नाही.