दुसऱ्या कामाचा रकाना

त्या गल्लीत ‘पेंटर कुठे राहतात?’ असं विचारलं, की कुणीही न थांबता वरच्या मजल्यावरच्या हिरव्या दाराकडे बोट करायचं. सर्वेवाली मुलगी वर्षभरात चार वेळा आली आणि चारही वेळा असंच विचारत आली. पण पहिल्या तीन वेळा त्याच दारात बसून तिनं फॉर्मवर लिहिलं काय, तर वॉचमन.

तिचा दोष नव्हता. देशातली माणसं कोणकोणती कामं करतात, एक करतात की दोन, याची मोजणी चालली होती. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या प्रत्येक घरी चार फेऱ्या करायच्या आणि माणूस घरी नसला तर घरातल्या कुणालाही विचारायचं, असा नियम होता. म्हणजे ज्याचं काम मोजायचं तो कामावर, आणि त्याच्या पोटातलं सांगायचं दुसऱ्यानं. असले नियम करणाऱ्यांना आठ दिवस गोदामाच्या फाटकावर उभं केलं पाहिजे. पेंटर तिथं सकाळी सातला उभा राहायचा, तो संध्याकाळी सातला सुटायचा. घरी सापडायची ती त्याची बायको.

चौथ्या फेरीला मात्र त्याची सुट्टी होती. मुलीनं मागची उत्तरं वाचून दाखवली. काम, वॉचमन. याशिवाय दुसरं काही काम, नाही.

पेंटरचा हात कानाकडे गेला. कानावर ब्रश खोचायची जुनी सवय. आता तिथं काही नसायचं, पण राग आला की हात जायचाच.

“हे ‘नाही’ कुणी सांगितलं?”

बायको ओट्याशी डबे पुसत होती. तिनं मान वर केली नाही. “मी. तिनं विचारलं दुसरं काम आहे का. तुमचं ते काम कुठंय? नाद आहे तो.”

नाद! एक काळ होता, बाजाररस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पाटी दुसऱ्याच्या हातची नव्हती. औषधाच्या दुकानावरच्या अक्षरांना त्यानं अशी सावली दिली होती, की लोक हात लावून बघायचे, उठाव खरा आहे की काय. शिडी खांद्यावर, डबे कोपरात, सगळ्या अंगाला टर्पेंटाइनचा वास. आणि लग्न नवं होतं तेव्हा बरोबर हीच. खडूत घोळवलेली दोरी पाटीवर ताणायची, एक टोक त्याच्याकडे, एक तिच्याकडे. मधे चिमटीत धरून सोडली, की टण्‌कन सरळ रेघ उमटायची. त्या रेघेवर अक्षरं बसायची. ती हसली की दोरी हलायची आणि रेघ पुसून पुन्हा मारावी लागायची. त्या वर्षी बऱ्याच रेघा पुसाव्या लागल्या.

मग फ्लेक्स आला. रात्रीत छापून सकाळी टांगलेला, ज्याचा त्याचा चेहरा घेऊन. पेंटरनं गोदामाचा गणवेश चढवला तो दोन-चार महिन्यांपुरता. त्याला अकरा वर्षं झाली होती.

मुलगी समजूतदार होती. ती म्हणाली की ही शेवटची फेरी. यानंतर हे घर यादीतून जाणार, तेव्हा सांगायचं असेल तर आत्ताच. फक्त गेल्या सात दिवसांतलं हवं आणि त्या बदल्यात काहीतरी मिळालेलं हवं. मग ते तासाभराचं असलं तरी रकाना भरता येतो.

पेंटरनं शाळेची पाटी सांगितली. ती मागच्या महिन्यातली निघाली.

“सात दिवसांत नाही बसत, काका.”

“तीस वर्षं तुमच्या सात दिवसांत बसत नाहीत होय? मग लिहा वॉचमन. मोठ्या अक्षरात लिहा.”

खोटं सांगणं सोपं होतं. कोण तपासायला येणार होतं? पण ज्या माणसानं गिऱ्हाइकाशी भांडून पाटीवरचं एक चुकीचं अक्षर खरवडून काढलं होतं, त्याच्या तोंडून ते निघेना. तो खिडकीकडे तोंड करून बसला. मुलीनं पेनाला टोपण लावलं.

“बुधवारी खालच्या शिलाईवालीच्या दारावर नाव काढलंत ना,” बायको म्हणाली.

“ते असंच.”

“असंच कसं? तुमच्या गणवेशाच्या पँटचे गुडघे कुणी शिवून दिले? मीच ठरवलं होतं तिच्याशी. साडेसातला बसलात, नऊला उठलात. दोरी धरून उभी होते मी, मला वेळ कळणार नाही?”

मुलीनं टोपण काढलं. शिवणाच्या बदल्यात पाटी, हे चालतं, असं म्हणून तिनं रकान्यात लिहिलं: पाट्या रंगवणे, दीड तास. पहिलं काम मात्र वॉचमनच, कारण ज्याला तास जास्त ते मुख्य.

“तासांवरच जायचं तर झोप लिहा पहिली,” पेंटर म्हणाला. बायकोला हसू फुटलं. पण त्याचा हात कानावरून खाली आला होता.

मुलीनं पान उलटलं. बायकोच्या नावापुढे तिन्ही फेऱ्यांत घरकाम लिहिलं होतं. “काकू, घरच्या माणसाच्या कामात हात लावला तर तेही काम धरतात. दोरी तुम्ही धरलीत ना?”

“अगं, माझं कसलं काम? मी नुसती धरते.”

“नुसती धरते म्हणे,” पेंटर म्हणाला. “ते टोक हललं तर अख्खी ओळ गेली. लिहा, ताई. दीड तास.”

बायकोनं पुसलेलाच डबा पुन्हा पुसायला घेतला. मुलीनं लिहिलं. घाईत ओळ जरा तिरकी गेली होती. पेंटरनं ती पाहिली आणि तशीच राहू दिली.