व्यासाचे साठ टक्के

दुपारचे औषध चढू लागले आहे. पंख्याची पाती आधी वेगवेगळी दिसतात, मग एक होतात. पापणी मिटली की उघडीच आहे, हे मला निश्चित सांगता येत नाही.

पाच वाजेपर्यंत संमतिपत्रावर सही करायची की घरी जायचे, हे मला ठरवायचे आहे. मेंदूकडे जाणारी मानेतली डावी रक्तवाहिनी साठ टक्के अरुंद झाली आहे. गेल्या आठवड्यात दहा मिनिटे माझा उजवा हात लुळा पडला आणि 'पाणी' हा शब्द आठवेना. डॉक्टर म्हणतात, अरुंदपणा मध्यम आहे. शस्त्रक्रियेने पुढचा झटका टळू शकेल, पण शस्त्रक्रियेतच तो येऊही शकतो. 'मध्यम' या शब्दाला मी घट्ट धरून आहे. चाळीस टक्के वाट मोकळी आहे, असा माझा हिशेब.

खाटेच्या पायथ्याशी इस्माईल मिस्त्री उभा आहे. पाणीपुरवठा खात्यात तो माझा फिटर होता. सहा वर्षांपूर्वी अर्धांगाने गेला. त्याच्या मयतीला मी होतो.

"उठा साहेब, लाईन बघायची हाय."

आम्ही चरात आहोत. वर वॉर्डाचाच पंखा फिरतो आहे. मिस्त्री डाव्या हाताने बिडाच्या नळाचा तुकडा पुढे करतो. उजवा हात नुसता लोंबतो. नळात गंजाची जाड खपली आहे.

"किती चोंदलाय?"

"साठ टक्के."

"कशाचं साठ? व्यासाचं का क्षेत्रफळाचं?"

मी नळाच्या तोंडात बोट घालून पाहतो.

"डिप्लोमा तुमचा का माझा?" तो हसतो. तोंडाची एकच बाजू हसते.

डॉक्टरांनी व्यास मोजला होता. व्यास चाळीस टक्के उरला, तर क्षेत्रफळ वर्गाने घटते: उरते फक्त सोळा टक्के. गावचे सारे नळ मी असेच मोजले. स्वतःचा तेवढा चुकीच्या मापाने.

"म्हणजे कापायलाच हवे?"

"त्ये मी न्हाई सांगणार. कापताना नळ फुटतो बी. पर माझा हात दोनदा सुन्न झाला, आन् मी म्हटलं, उशाला दबला आसंल. तिसऱ्यांदा गेला, त्यो आलाच न्हाई."

चराच्या भिंती जवळ येतात. मला ओरडायचे आहे. शब्दच सापडत नाही. मिस्त्री कानामागचा खडू काढतो आणि माझ्या डाव्या जबड्याखाली एक गार रेघ ओढतो.

"कापायच्या आधी खूण करायची. तुमचाच नेम, साहेब."

"अहो, उठताय ना? पाच वाजत आले." पत्नी वाकून पाहते आहे. "मानेला हे पांढरं काय लागलंय?"

मी चाचपतो. बोटांना खडूची भुकटी लागते. ती पदर पुढे करते.

"पुसू नकोस," मी म्हणतो. "पेन दे."

मी संमतिपत्रावर सही करतो. सहीशेजारी माझ्या बोटाचा पांढरा ठसा उमटतो.