गोजरबाई आणि 'गावचे कोयते'

आमच्या जिंतूरकडच्या वाडीत गोजरबाईला राग आला की आधी कोंबड्या अंगण सोडतात, मग माणसं. एकदा गिरणीवाल्यानं पीठ जाड दळलं म्हणून ती त्याला असं काही बोलली, की त्यानंतर कितीतरी दिवस तो गावाला ज्वारीचा मैदा करून देत होता. पण तो राग गिरणीपुरता होता. मागच्या हिवाळ्यात जो आला तो मलाही आला, आणि माझा अजून उतरलेला नाही.

ती माझ्या चुलतभावाची सून. नवरा होता तोवर दोघं दरसाल ऊस तोडायला जायची. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एकटा जीव असला की तो अर्धा कोयता. नवरा गेल्यावर मुकादम म्हणाला, "अर्ध्या कोयत्याला सोबत कोण देणार, बाई?" ती म्हणाली, "नका देऊ. मी गाव सांभाळते."

आणि सांभाळलं. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते, मागं राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं. गोजरबाई दिवस मावळायच्या आत फोन घेऊन घरोघर फिरायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या आईनं गोळी घेतली का, कुणाचं पोर शाळा बुडवून बांधावर बसलंय, सगळं दाखवून त्या जगभर चालणाऱ्या ॲपवर टाकायची. पानाचं नाव 'गावचे कोयते'. तिकडं कऱ्हाडच्या अंगाला उसाच्या फडातून आपल्या पाचटाच्या कोपीवर परतलेली माणसं चुलीपुढं बसून आपलं घर बघायची. वाडीतल्याच सुग्रीवची बायको पिंकी तर सहा वर्षांच्या निकिताला सासूपाशी ठेवून गेलेली. सासू म्हणजे धुरपताबाई. तिच्याकडं फोन नाही, दिला तरी ती तो कानाला उलटा लावते. पिंकीला लेक दिसायची ती गोजरबाईच्या पानावरच.

एके दिवशी गोजरबाई पानावर बोलली, "सुग्रीवच्या टोळीत एक कोयता कमी पडायलाय. कुणाचा मोकळा असंल तर पाठवा. चांगला चालणारा पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पान बंद. कारण, हत्यारांची विक्री. त्याच मालकाच्या दुसऱ्या ॲपवर टोळीचा ग्रुप होता, तोही गेला.

ती फोन घेऊन माझ्या ओट्यावर आली. "मामा, वाचा. मी काय विकलं म्हनायलेत?"

"कोयते."

"म्हंजी माणसं विकली व्हय मी?"

तक्रार करायला एक खिडकी होती. मी चष्मा लावून लिहिलं, कोयता म्हणजे आमच्याकडं नवराबायको. बोट उचलायच्या आत उत्तर आलं, तपासलं, निर्णय बरोबर आहे. अहो, आमच्या तलाठ्यालासुद्धा नाही म्हणायला दोन चहा लागतात. ज्या ॲपवाल्याच्या चहात आमच्याच कोयत्यांची साखर, त्याला कोयता म्हणजे काय हे ठाऊक नाही, आणि फैसला करायला हाच बसलेला. दार ठोठावावं तर दार नाही. शिवी द्यावी तर समोर तोंड नाही.

मानवतला कॉम्प्युटरचा क्लास चालवणारी धम्मशीला आमच्या वाडीची भाची. तिला बोलावलं. मी म्हणालो, "नाव बदलून नवं पान काढू. 'ऊसतोड मित्रमंडळ'."

गोजरबाई माझ्यावरच उखडली. "माझ्या घरात मी नाव बदलून राहू, मामा?"

"मग तिथं राहूच नका, मावशी," धम्मशीला म्हणाली. तिनं आणि तिच्या सोबत्यांनी मानवतला इंटरनेटवरचं स्वतःचं एक लहानसं ठिकाण चालवलं होतं, अशीच पानं ठेवायला. कोल्हापूरवाल्यांचं वेगळं, नागपूरवाल्यांचं वेगळं. ज्याचं घर त्याचे नियम, पण एकमेकांकडं जायला वाट मोकळी. सगळ्यांवर एक मालक नाही.

"म्हंजी सावड," गोजरबाई म्हणाली. "आज माझा बैल तुझ्या रानात, उद्या तुझा माझ्या."

"सावडच."

"अन् कोयता म्हनलेलं चालंल?"

"नियम आपणच करायचे."

"मग पहिला लिही. कुणाचं पान बंद करायचं असंल तर आधी त्याला विचारायचं, बाबा, तू म्हनलास काय."

ठिकाण बदललं, पण माणसं येईनात. सुग्रीवला फोन केला तर तो म्हणाला, "काकू, तिथं हाय काय? ना गाणी, ना पिक्चर. फोनात जागा न्हाई खामखा."

"तुझ्या फोनात नाचणाऱ्या बायका मावतात, लेक मावत न्हाई व्हय रे?"

त्यानं फोन ठेवला. आता तिचा राग आपल्याच माणसांवर फिरला. तरी ती रोज फिरायची, रोज बोलायची. बघणारी एकटी धम्मशीला. मी विचारलं, "कुणासाठी बोलायलीस, पोरी?"

"गप बसले तर त्या ॲपवाल्या फुकन्यांचंच खरं व्हईल, मामा."

पुढं निकिता शाळेत सगळ्यांसमोर पाढे म्हणाली. गोजरबाईनं ते दाखवलं आणि मी सुग्रीवला तेवढं फोनवर कळवलं. पिंकी शेजारी मोळी बांधत होती, तिनं ऐकलं. पुढचं मला तिच्याच तोंडून कळलं. तिनं मोळी तशीच टाकली.

"फोन दे."

"कशाला?"

"कोयता एक हाय ना आपला? मुकादमाकडं नाव तुझं, पर अर्धा मी हाय. अर्ध्या फोनात काय ठेवायचं ते मी ठरवणार. न्हाईतर उद्या तुझा अर्धा घेऊन तू एकटाच तोड."

सगळा फड हसला. सुग्रीव हसला नाही, पण फोन दिला. पिंकीनं त्याचे पिक्चर पुसले आणि धम्मशीलाला विचारत विचारत नवं ॲप घातलं. मग टोळीतल्या बाकीच्या बायकांनीही आपापल्या नवऱ्यांकडं हात पसरला.

त्या दिवशी सांजच्याला गोजरबाई माझ्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. फोनातून पिंकीचा आवाज आला. रडका होता, पण बोलली ते वेगळंच.

"काकू, निकीची वेणी कुणी घातली? लय वाकडी हाय."

गोजरबाईनं हातातली शेंग ताटात आपटली. "इतक्या दिसांनी आलीस अन् वेणीची खोड काढायलीस व्हय गं? तुझ्या सासूनं घातलीय. उद्या मी घालते. बघायला न्हाई आलीस तर याद राख."