बारा घरांची बारा चित्रं

टेमघरच्या केसरीनाथ भोईरांनी आयुष्यभर एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे वाटणी. शेतात गोदामं उभी राहिली, भाताच्या जागी भाडं येऊ लागलं, तरी भावकीतल्या बारा घरांना सगळं सारखं पोचवायची जबाबदारी त्यांच्याकडेच राहिली. एवढं करून कुणीतरी रुसायचंच. मागच्या लग्नात त्यांनी चांदीच्या वाट्या दिल्या, तर चुलतभाऊ सावळाराम आपली वाटी सोनाराकडे तोलून आला.

त्यामुळे नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला काय द्यावं, याचा त्यांना घोर लागला होता. मुलगी क्षितिजा म्हणाली, "बाबा, रियाची एचिंग्ज देऊ या." रिया तिची मैत्रीण, नारपोलीची, चित्रकार. तिने तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने खाडीचा जुना धक्का कोरला होता. त्यावरून बाराच चित्रं छापून तिने पत्र्यावर आडव्या रेघा ओढल्या होत्या, म्हणजे तेरावं कधी निघायला नको.

"बाराही सारखी?" केसरीनाथांनी विचारलं.

"एकाच पत्र्याची."

कलेबद्दल त्यांना याहून जास्त काही जाणून घ्यायचं नव्हतं. एक चित्र घरी ठेवून बाकीची त्यांनी वाटून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सावळाराम चित्र काखेत मारून हजर झाला. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, १२/१२.

"आमी शेवटचं का, दादा?"

त्याची समजूत काढेपर्यंत वारलेल्या थोरल्या चुलतभावाची बायको, जानकीबाई, आली. तिच्या चित्रावर ७/१२ होतं.

"भावजी, ह्याच्यावर सातबारा लिवलाय. कंच्या जमिनीचा?"

संध्याकाळपर्यंत भावकीत बातमी पसरली की धक्क्याची जमीन जानकीबाईच्या नावावर झाली. भावकीची सामाईक अशी तेवढी एकच जमीन उरली होती. मग मंडळी जमली आणि रियाला बोलावणं गेलं.

"काका, नंबर म्हणजे मान नाही," रियाने सांगितलं. "बारातलं कितवं, एवढंच."

"मग सगळ्यांवर एकच नंबर टाक."

"मग ती खोटी ठरतील."

सावळारामने खिशातून खोडरबर काढलं. रियाने ते त्याच्या हातातून घेऊन आपल्या पर्समध्ये टाकलं आणि परत केलं नाही.

शेवटी केसरीनाथांनी स्वतःचं पहिल्या नंबरचं चित्र सावळारामला दिलं आणि बारावं आपण घेतलं. सावळाराम खूश झाला. आता बाकीचे जानकीबाईच्या मागे लागले, अदलाबदल कर म्हणून.

"न्हाय," ती म्हणाली. "नवरा गेला तवा जमीन पोराच्या नावावर लागली. माझ्या हाताला सातबारा लागला तो ह्यो पयला."

ती नोंद केसरीनाथांनीच करून घेतली होती, भांडण नको म्हणून.

जानकीबाईने चित्र स्वयंपाकघरात, चुलीच्या धुरापासून लांब, खिडकीशेजारी लावलं. काही महिन्यांनी मुंबईहून एक संग्राहक रियाचं काम शोधत टेमघरला आला. सावळारामकडचं पाहून तो जानकीबाईकडे पोचला आणि हे जास्त नीट राखलेलं, हेच विकत हवं म्हणाला. ती पदराने चित्राची काच पुसू लागली, तेव्हा त्याने अदबीने विचारलं, "आजी, तुमच्या मुलाशी बोलू का?"

"त्याचं काय काम?" जानकीबाई म्हणाली. "ह्याच्यावर त्याचं नाव न्हाय."

आणि तिने पाहुण्यासाठी चहा टाकला.