सदतिसाव्या पानावरच्या खुणा

आर्लिस वुकेलिच सव्वीस वर्षं शाळेची बस चालवते आहे, आणि उणे तीसच्या थंडीतसुद्धा तिची बस एकदाही रस्ता सोडून गेलेली नाही. पण सकाळची फेरी संपली की बाई गेल्याच म्हणून समजा! शाळेमागे बस उभी करायची, हीटर चालू ठेवायचा, पाय वर घेऊन बसायचं आणि विज्ञानकथेचं नवंकोरं पुस्तक उघडायचं. नवंच हवं हं. जुन्यांबद्दल विचारलंत तर नाक मुरडून म्हणते, "त्यातल्या बायका नुसती कॉफी आणून देतात." यंदाचं नाहीतर गेल्या वर्षीचं, त्याच्या मागे ती जात नाही.

गावच्या लायब्ररीत नव्या विज्ञानकथांची एक फळी आहे. तिच्यावर दर वर्षी बारा पुस्तकं येतात, आणि ती कोणती हे अकरा वर्षं आर्लिस ठरवते. पगार नाही की मान नाही. लायब्ररी सांभाळणाऱ्या कोरीननं एकदा सहज विचारलं होतं, "तुला यातलं कळतं ना गं?" झालं, बाई घोड्यावर बसली ती उतरलीच नाही.

जानेवारी आला की तिच्या अंगात येतं. पन्नास-साठ पुस्तकांची पहिली पानं ती रिकाम्या बसमध्ये मोठ्यानं वाचून बघते. वाचताना थर्मासातल्या कॉफीची आठवण झाली तर पुस्तक नापास. कॉफी गार झाली तर पास. कोणी यंत्राचं वर्णन वीस पानं लांबवलं की करवादते, "अरे, मी काय गॅरेजात आलेय का?" पण मनासारखं सापडलं की मग तिला आवरायची कोणाची बिशाद नाही. गेल्या वर्षी तिला 'बर्फाखालचे शेजारी' सापडलं. शनीच्या एका चंद्रावर बर्फाखालच्या समुद्रात वस्ती आहे, आणि तिथली एक म्हातारी रोज पाणबुडीतून पोरं शाळेत पोचवते. सातव्या पानावर आर्लिसनं आनंदानं भोंगा वाजवला आणि मुख्याध्यापक कोट न घालताच बर्फात धावत आले.

तर फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी यंदाची यादी घेऊन ती लायब्ररीत घुसली. "कोरीन, ऐक! पाचव्या नंबरचं पुस्तक ऐकलंस तर खुर्चीतून पडशील!"

कोरीननं यादीला हात लावला नाही. "आधी बस जरा. आज पाचला लायब्ररीच्या मंडळाची बैठक आहे. ती फळी काढणार म्हणतायत. तिथे तुकडे जुळवायच्या कोड्यांचे डबे ठेवायचेत."

"काय? का म्हणून?"

"कम्प्युटर सांगतो ना. तुझं एकेक पुस्तक वर्षातून एकदा जातं, फार तर दोनदा. 'बर्फाखालचे शेजारी' रेनोनं मे महिन्यात नेलंय. बाबा नुसता फोन करून मुदत वाढवून घेतो. आर्लिसशिवाय ही पुस्तकं कोणी वाचत नाही, असं डेल म्हणतो." डेल ऑस्टबी म्हणजे मंडळाचा अध्यक्ष.

फळी गेली तर गेली, पण अकरा वर्षं आपण गावासाठी निवडतोय असं समजून एकटीच बडबडत होतो की काय? हे फार लागलं तिला. ती उठली. "निदान ते एक तरी परत आणते. माझं पुस्तक कोणाच्या गॅरेजात धूळ खात पडलेलं मला नाही चालायचं!"

रेनो खाणीत मेकॅनिक आहे. रात्रपाळी करून झोपला होता, त्यानं डोळे चोळत दार उघडलं. "ते होय? ते तर मी जूनमध्येच संपवलं! ती पाणबुडी अडकते ना, तेव्हा मी कामावर उशिरा पोचलो, माहितीये?"

"मग परत का नाही केलंस, मेल्या?"

"अगं, माझ्यामागे सहा जण होते! लायब्ररी उघडी तेव्हा आम्ही खाणीत नाहीतर अंथरुणात, आम्ही मोकळे तेव्हा तिला कुलूप. म्हणून एकानं आणायचं आणि सगळ्यांनी वाचायचं. दंडही आता कोण घेतंय? आमचं झाल्यावर पॅमच्या सलूनमध्ये गेलं ते."

"सहा जण?" दार उघडंच धरून आर्लिसनं विचारलं.

"दर पुस्तकाला. आता आत तरी ये, नाहीतर दार लाव. घराचा बर्फ होतोय."

पॅम एकीचे केस कापत होती. पुस्तकाचं नाव काढताच तिची कात्री हवेतच थांबली. "त्यावरून इथे भांडणं झालीत, आर्लिस! चौघीजणी बोलत नव्हत्या आठवडाभर. आता ते लेम्पीआजींकडे आहे. सदतिसावं पान बघ म्हणजे कळेल."

"तिथे काय आहे?"

"खुणा! वाचून झालं की पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीनं खूण करायची. मी कात्री काढते, रेनो नट काढतो. नाहीतर वाचलेलंच पुन्हा गळ्यात पडतं."

"पण परत आलेल्या पुस्तकांत मी तर एकही खूण बघितली नाही!"

"दिसेल कशी? कोरीन रबर घेऊन बसलेलीच असते. पुस्तकं आरशासारखी हवीत ना बाईंना!"

आर्लिसला हसावं की ओरडावं कळेना. ती गाडी काढून थेट लेम्पीआजींकडे गेली. आजी चौऱ्याऐंशीच्या. अर्ध्या गावाला चौथीत त्यांनीच शिकवलेलं. खिडकीशी गोधडी पांघरून वाचत होत्या.

"आजी, ते पुस्तक हवंय."

"मिळणार नाही. नव्वद पानं उरलीत."

"लायब्ररीचं आहे हो ते."

"असेना! माझ्या वयाच्या बाईला 'नंतर वाचा' म्हणतेस? लाज नाही वाटत?" पण सदतिसावं पान त्यांनी बोट घालून दाखवलं. नट, कात्री, चांदणी, फावडं, मांजराचं डोकं. आर्लिसनं मोजल्या. एकोणीस! एका पुस्तकावर एकोणीस माणसं! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"रडायचं तर लांब जाऊन रड, पान भिजेल," आजी म्हणाल्या.

"आजी, मग तुम्हीच पुस्तकासकट बैठकीला चला."

"गाडी गरम असेल तर येते."

दुपारची फेरी संपवून आर्लिसनं आजींना गाडीत घेतलं. मंडळ लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसलं होतं. पाच माणसं, कॉफीची किटली आणि लिंबाच्या वड्यांचं ताट. डेलनं चौथा विषय, फळी काढण्याचा, पुकारला आणि आर्लिस उभी राहिली. मनात ठरवलेलं सगळं विसरली. रेनो, सलून, खुणा, एका दमात सांगून मोकळी झाली. "अगंबाई! मी तर दर वेळी खोडत आले," कोरीन पुटपुटली. "अकरा वर्षं."

"ऐकायला छान आहे," डेल म्हणाला, "पण पुरावा? लेम्पीआजी, बघू जरा ते पुस्तक."

आजींनी मान वर न करता बोट दाखवलं. "दोन पानं उरलीत."

"अहो, पण बैठक चालू आहे..."

"डेल, गप्प बस."

पान उलटल्याचा आवाज तेवढा आला. आजींनी शेवटची ओळ वाचली, पुस्तक मिटलं आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवले. कोणी वडीलासुद्धा हात लावला नाही. मग त्यांनी सदतिसावं पान उघडलं आणि कोरीनच्या देखत एक मासा काढला.

डेलनं घसा खाकरला. "काय होतं शेवटी?"

"सांगणार नाही. वाच." आजींनी पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं ते उचलून जवळ घेतलं आणि समोरच्या कागदावरच्या चौथ्या विषयावर पेनानं काट मारली.

"आर्लिस, पुढचं काय आहे?" आजी म्हणाल्या. "पटपट सांग, माझ्याकडे वेळ थोडा आहे."

आर्लिसनं यादी उलगडली, पण पहिलं नाव काही केल्या तोंडातून फुटेना. तेव्हा कोरीननं तिच्या हातातून कागद घेतला, चष्मा लावला आणि ते नाव मोठ्यानं वाचलं.