एकाच डोळ्याचे चार रंग

डोळेवाल्या बाईंच्या खोलीत पहिल्यांदा आलेलं माणूस दारातच थबकायचं. खिडकीखालच्या टेबलावर उथळ ट्रे, आणि ट्रेमध्ये डोळेच डोळे. काळे, तपकिरी, घारे, काही अजून नुसतेच पांढरे. "या, आत या. ते कुणाकडे बघत नाहीत," असं बाई म्हणायच्या. हा त्यांचा ठरलेला विनोद. तो ऐकून माणूस कसंनुसं हसायचं, खुर्चीत बसायचं आणि मग हळूच गॉगल काढायचं.

अपघातात किंवा आजारात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांच्यासाठी बाई नकली डोळे बनवायच्या. खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून प्लॅस्टिकची वाटी ओतायची, छोट्या चकतीवर बुबुळ रंगवायचं, लाल रेशमाचे धागे उसवून त्यांच्या शिरा बसवायच्या. हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. सासरे कामात मोठे काटेकोर. सुरुवातीला कितीतरी महिने त्यांनी सुनेला ब्रश धरू दिला नाही, फक्त तपकिरी रंग कालवायला लावला. "तपकिरी म्हणजे एक रंग नव्हे, सूनबाई," ते म्हणायचे, "ती अख्खी वसाहत आहे. प्रत्येक घरात वेगळं माणूस राहतं."

बाईंनी ती वसाहत घर न् घर पाठ केली. चष्मा कुठे ठेवला ते त्यांना आठवायचं नाही, पण एकदा पाहिलेलं बुबुळ त्या विसरत नसत. लग्नकार्यात कुणी ओळखीचं भेटलं की त्यांचे यजमान गमतीनं सांगायचे, "हिला तुमचं नाव विचारू नका, डोळ्यांचा रंग विचारा." स्वयंपाक बिघडू शकतो, हिशेब चुकू शकतो, पण आपली रंगाची नजर चुकायची नाही, याबद्दल बाईंच्या मनात कधी शंकाच आली नव्हती.

पुढे काम वाढलं. लांबलांबचे लोक विचारू लागले. प्रत्येकाला इथवर येणं जमायचं नाही. तेव्हा बाईंच्या भावाच्या मुलीनं, म्हणजे भाचीनं, त्यांना वेबसाइट करून दिली. पेशंटच्या गावातला डॉक्टर साचा घेऊन कुरिअरनं पाठवायचा. पेशंट आपल्या चांगल्या डोळ्याचा फोटो वेबसाइटवर चढवायचा. बाई तो कॉम्प्युटरवर उघडायच्या, रंगवलेली चकती पडद्याला खेटून धरायच्या आणि रंग तंतोतंत जुळेपर्यंत हलायच्या नाहीत. तो कॉम्प्युटर यजमानांच्या ऑफिसनं मोडीत काढलेला. कुरकुरायचा, पण चालायचा. डोळे पोचल्याचे निरोप यायचे, आभाराचे दोन शब्द यायचे. बाईंना वाटायचं, गंगेत घोडं न्हालं.

मग एका सकाळी एक शिक्षिका आली. तिशीतली, प्रवासानं दमलेली. तिनं खुर्चीत बसून गॉगल काढला आणि बाई पुढे झुकून बघू लागल्या.

उजवा डोळा बदामी होता. उबदार, तांबूस झाक असलेला. डावा होता शेवाळी, करडा, साचलेल्या पाण्यासारखा. काम सफाईदार होतं, शिरा सुरेख होत्या, पण रंगाचा पार विचका झाला होता. एखाद्या नवशिक्यानंही असं केलं नसतं.

"कुणी बनवला हो हा?" बाईंनी शक्य तितक्या सौम्यपणे विचारलं. दुसऱ्या कारागिराला नावं ठेवायची त्यांची पद्धत नव्हती.

शिक्षिका जरा गोंधळली. "तुम्हीच," ती म्हणाली.

बाईंनी तिला डोळा काढायला सांगितला, तळहातावर घेऊन उलटा केला. मागे त्यांचीच खूण होती. त्यांनी शिक्षिकेचा फोटो शोधून पडद्यावर उघडला आणि डोळा त्याच्या शेजारी धरला. दोन्ही हुबेहूब. तोच शेवाळी, तोच करडा, केसभरही फरक नाही. त्यांनी मान वळवून शिक्षिकेच्या चांगल्या डोळ्याकडे पाहिलं. बदामी. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. शेवाळी. त्या स्टुलावर बसल्या.

"तुम्ही कळवलं का नाही?" बाईंनी विचारलं.

"काय कळवणार?" शिक्षिका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच बाईंना जास्त लागलं. "वाटलं, फोटोवरून एवढंच जमत असेल. वर्गात गॉगल लावून शिकवते. पोरं म्हणतात, बाई, तुम्ही हेर आहात का? आज इथे दुसरं काम होतं, म्हणून म्हटलं विचारून तरी बघू."

बाईंनी भाचीला फोन लावला. ती जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन धावतपळत आली. तिनं तोच फोटो लॅपटॉपवर उघडला. बुबुळ तपकिरी दिसलं. आपल्या मोबाइलवर उघडला. तिथे ते चांगलंच तांबूस होतं. मग बाईंच्याच कॉम्प्युटरवर दुसरा ब्राउझर घालून त्यात उघडला. तिथे शेवाळी थोडा निवळला, पण बदामी काही झाला नाही. एकच फोटो, एकच डोळा, आणि रंग चार. बाई या पडद्यावरून त्या पडद्यावर बघत राहिल्या.

"यातला खरा कुठला?" त्यांनी विचारलं.

"आत्या, फोटोत रंग नसतोच," भाची म्हणाली. "आकडे असतात. इतका लाल, इतका हिरवा, इतका निळा. ते आकडे कुठल्या मापानं वाचायचे, याची एक चिठ्ठी फोटोसोबत असते. तुझा ब्राउझर इतका जुना आहे की तो ती चिठ्ठी वाचतच नाही. हिच्या मोबाइलनं भडक रंगांच्या मापानं फोटो काढला, तुझ्या ब्राउझरनं तो साध्या मापानं वाचला. झाला फिका."

"आणि पडदा?"

"तो तर वेगळाच प्रकार. प्रत्येक पडदा त्याच आकड्यांचा उजेड आपापल्या परीनं पाडतो. तुझा म्हातारा झालाय, त्याचा पांढरासुद्धा पिवळट-हिरवट पडतो."

"मला कधी दिसलं नाही ते."

"कसं दिसेल? रोज त्याच्याकडेच बघतेस. नजर सरावते."

भाचीनं सहज म्हटलं, पण हे वाक्य बाईंच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी घरी जाताना त्या टीव्हीच्या दुकानासमोर थांबल्या. काचेमागे ओळीनं टीव्ही लावलेले, सगळ्यांवर एकच बातमीदार. एकात तो कावीळ झाल्यासारखा, एकात उन्हात भाजल्यासारखा, एकात आजारातून उठल्यासारखा पांढराफटक. याच रस्त्यानं त्या वर्षानुवर्षं जात होत्या. त्या तिथे इतका वेळ उभ्या राहिल्या की आतून विक्रेता विचारायला आला, काही हवंय का म्हणून. त्यांनी मान हलवली आणि घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फोटोवरून डोळे पाठवलेल्या प्रत्येकाला फोन करायला घेतला. शिव्या खायची तयारी ठेवूनच. शिव्या कुणीच दिल्या नाहीत. एक जण म्हणाला, ठीक आहे, चालतंय की. एकीनं सांगितलं, त्या बाजूला केस सोडते, कुणाच्या लक्षात येत नाही. सगळ्यांनी निमूटपणे मानून घेतलं होतं. सगळ्यात मोठा धक्का एका घड्याळजींनी दिला. वयस्कर गृहस्थ, बायको वारलेली.

"म्हणजे चूक त्या डोळ्यात होती?" ते म्हणाले. "मला वाटलं, माझा स्वतःचाच डोळा वयानं बदलला. तुमचा माझ्या जुन्या रंगासारखाच असणार, असंच धरून चाललो होतो मी."

बाईंनी फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. यजमानांनी चहा पुढे सरकवला.

शिक्षिका दोन दिवस इथल्याच आपल्या बहिणीकडे राहिली. बाईंनी तिला खिडकीशी बसवून तिच्या समोर नवं बुबुळ रंगवलं. आरसा हातात घेऊन ती उजेडात वळून वळून बघत राहिली. मग म्हणाली, "आता पोरांना काय सांगू?" आणि दोघी हसल्या.

वेबसाइट बाईंनी बंद केली नाही, पण रंगासाठी पडद्यावर विसंबणं सोडलं. वसाहतीतल्या एकेका तपकिरीची चकती रंगवून त्यांचे संच बाहेरगावच्या डॉक्टरांना पाठवले. डॉक्टर त्या चकत्या पेशंटच्या डोळ्याशेजारी उजेडात धरून कुठली जुळते ते सांगतात. फोटो फक्त शिरा आणि बुबुळावरच्या रेघा बघायला. ज्यांना येणं शक्य होतं त्यांना बाईंनी बोलावून घेतलं.

घड्याळजी शेवटी आले. नवा डोळा बसवून त्यांनी आरशात या बाजूनं, त्या बाजूनं पाहिलं, समाधानानं मान हलवली. बाई जुना डोळा बाजूला ठेवायला लागल्या, तर त्यांनी हात पुढे केला.

"तो द्या माझा मला."

"तो चुकीचा आहे हो, काका."

"असेल. पण एवढे दिवस त्याच्यासकटच लोकांनी मला पाहिलंय."

बाईंनी डोळा कापसात गुंडाळून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला आणि बस चुकेल म्हणून घाईघाईनं जिना उतरून गेले.